नाडेपच्या टाक्यातल्या घुशी: मानेवाड्यातल्या एका सांदवाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण नागपुरात मानेवाडा भागातल्या एका जुन्या लेआउटमधलं हे घर. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, एकदोन तपशील इकडचे तिकडे केले आहेत. घरात निवृत्त शिक्षिका असलेल्या काकू, त्यांचा मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. मागे छोटीशी सांदवाडी: एक आंबा, दोन सीताफळं, कढीपत्ता, वांगी-टमाटरचे वाफे. मग सामायिक वॉल कंपाउंड आणि पलीकडे शेजारच्या भाऊंचं अंगण. मी घरगुती खत करणाऱ्यांना काही वर्षांपासून मदत करतो. पैसे घेत नाही, त्यामुळे लोक सल्ला अर्धाच ऐकतात. पण या प्रकरणात माझा पूर्ण ऐकलेला सल्लाच चुकला, ते पुढे येईल.

काकूंचं माहेर पुसदकडचं. खत करायची नाडेप पद्धत तिथल्याच पांढरीपांडे काकांची, नावही त्यांच्याच आद्याक्षरांवरून पडलेलं. त्यामुळे ‘करायचं तर नाडेपच’ हे आधीच ठरलेलं होतं. शेतावरचं नाडेप टाकं १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असतं. विटांच्या भिंतीत हवा खेळायला जागोजागी भोकं, आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर. एकदोन दिवसांत भरायचं, वरून शेणमातीनं लिपून टाकायचं आणि तीन-चार महिने विसरून जायचं. काकूंनी ४ बाय ३ फुटांचं, ३ फूट उंच असं त्याचं पिल्लू बांधून घेतलं. भोकं मात्र मूळ मापाचीच, हात सहज आत जाईल अशी. तळाला दोन इंच सिमेंटचा कोबा घाला, म्हणजे खालून काही शिरणार नाही, हे माझं सांगणं. दसऱ्याला टाकं तयार झालं.

मूळ टाकं आणि हे टाकं यांत माप सोडूनही एक फरक होता आणि तो त्या वेळी मला खटकायला हवा होता. शेतावरचं टाकं एकदा लिपलं की बंद. इथे रोज सकाळी स्वयंपाकघरातली बादली रिकामी होणार: आलूची सालं, सांबाराच्या (म्हणजे कोथिंबिरीच्या) काड्या, शिळा भात, पोळ्यांचे तुकडे. म्हणजे बारा भोकं असलेलं आणि रोज नवं जेवण येणारं घर आम्ही बांधलं होतं.

अडचण कशी वाढत गेली

पहिले पाहुणे कुत्री. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मटणाची हाडं टाक्यात गेली आणि सकाळी अर्धा ढीग बाहेर पसरलेला. वर टिन, टिनावर दोन विटा. कुत्र्यांचा विषय तिथेच संपला. संत्र्याच्या मोसमात सालींचा खच पडला, तेव्हा एकही जनावर फिरकलं नाही. त्यावरून काकूंनी पक्की समजूत करून घेतली की संत्र्याच्या वासाला सगळी जनावरं भितात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला, ढीग वाळून कोळ झाला, तेव्हाही शांतता होती.

घुशी आल्या त्या पहिल्या मोठ्या पावसानंतर. नाल्याकाठची बिळं पाण्यानं भरली की त्या उंच, कोरडी, भुसभुशीत जागा शोधतात, आणि वाळलेला खताचा ढीग म्हणजे नेमकी तशी जागा. एका सकाळी टाक्याला लागून ताज्या उकरलेल्या काळ्या मातीचा घमेलंभर ढिगारा दिसला, शेजारी मुठीहून मोठं भोक. काकूंना वाटलं, साप. साप स्वतः बीळ खोदत बसत नाही, दुसऱ्याच्या बिळात जाऊन राहतो, हे मी सांगितलं. त्यानं त्यांची भीती कमी झाली नाही, उलट वाढली. घुशीचं इंग्रजी नाव बँडिकूट; हा शब्द तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’वरून गेला, अर्थ डुक्कर-उंदीर. उकरलेल्या मातीचा ढीग पाहिला की नाव पटतं.

पंधरा दिवसांत भोकं चार झाली. नातीच्या झोपाळ्याखालची शहाबादी फरशी एका कोपऱ्यानं खचली. वॉल कंपाउंडच्या पायाशी पाय आपटला की पोकळ आवाज यायला लागला. तेव्हा शेजारचे भाऊ भिंतीवरून बोलले, “ताई, तुमचं खत तुम्हाला लखलाभ. पण माझी भिंत पोखरून राहिल्या ना ह्या घुशी!” काकू काही बोलल्या नाहीत. बोलण्यासारखं काही नव्हतंच. घुशी टाक्यात शिरताना मुलानं स्वतः पाहिल्या होत्या.

श्रावणात भर दुपारी सांडपाण्याच्या नालीवरून धामण गेली, चांगली पाच-सहा फुटी. बिनविषारी साप, घुशी-उंदरांवर जगणारा, पण चार वर्षांची पोर अंगणात खेळत असताना हे कोण ऐकून घेणार? सर्पमित्राला बोलावलं. त्यानं धामण पिशवीत घेतली, बिळांकडे पाहिलं आणि म्हणाला, “काकू, हिला घेऊन चाललो मी. पण तिचं जेवण इथंच आहे. दुसरी येईल.” या प्रकरणातला सगळ्यात नेमका सल्ला तो होता, आणि तो खताच्या माणसाकडून आला नाही.

घाईत केलेले उपाय

या महिन्याभरात जे जे केलं ते सगळं सांगतो, कारण बहुतेक घरं इथेच अडकतात.

मुलानं भोकांवर नायलॉनची जाळी लावली. ती एका रात्रीत कुरतडली गेली. मग कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी तारेची जाळी. ती तीन रात्री टिकली, चौथ्या दिवशी एका भोकावरची तार आत वाकवलेली आणि दोन ठिकाणी तुटलेली. ती जाळी कोंबडी आत ठेवायला असते, घूस बाहेर ठेवायला नाही. कोणीतरी तिखट टाकायला सांगितलं. काकूंनी चांगली भिवापुरी मिरचीची पूड शिंपडली, ती पावसानं धुऊन गेली. त्याआधीची एक रात्र घुशींनी ती सावजी रस्सा पचवावा तशी पचवली. डांबराच्या गोळ्या मी स्वतः उचलून फेकल्या. ते खत पुढे वांग्यांना जाणार होतं.

मग शेजारच्या भाऊंनी त्यांच्या बाजूनं झिंक फॉस्फाइड ठेवलं, काळसर पावडर कणकेच्या गोळ्यांत मळून. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. माणसाला नाही, कुत्र्याला नाही, पोराला नाही. एक मोठी घूस मेली, ती भाऊंच्याच पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्याखाली, आणि आठ दिवस त्यांना खिडक्या बंद ठेवाव्या लागल्या. बाकीच्यांनी गोळ्यांना तोंड लावणं सोडलं. या विषाचं असंच असतं: थोडं खाऊन वाचलेलं जनावर पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. त्यातली एक गोळी, बहुधा कावळ्यानं टाकलेली, काकूंना वांग्याच्या वाफ्यात सापडली, नातीच्या खेळण्यातल्या भांड्यापासून दोन हातांवर. त्या संध्याकाळी काकू पहिल्यांदा स्वतःहून भाऊंच्या दारात गेल्या. विष बंद झालं.

समोरचे पर्याय

आता बसून विचार करणं भाग होतं. मुलाचं मत सरळ होतं: टाकं फोडा, ओला कचरा महापालिकेच्या गाडीत द्या. वाईट पर्याय नव्हता तो. काकूंचा विरोध भावनेचा होता तसा हिशेबाचाही. सीताफळाचा नि आंब्याचा पाला कुठे टाकणार? पाला जाळायचा नाही हे त्या घरात पूर्वीपासून ठरलेलं, आणि भांडेवाडीचा कचऱ्याचा डोंगर आपण आणखी का वाढवायचा, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न.

पिंजरा लावून पकडायचं, तर पकडलेली घूस सोडायची कुठे? दुसऱ्याच्या लेआउटमध्ये? शिवाय बिळं आणि खाणं तसंच राहिलं तर रिकामी जागा भरायला वेळ लागत नाही. मांजर पाळायचं सुचवलं गेलं, पण पूर्ण वाढलेल्या मोठ्या घुशीला मांजर सहसा टाळतं. मुंगूस आलं तर उत्तम, पण ते कोणाच्या सांगण्यावरून येत नाही. झाकणाचा प्लॅस्टिक ड्रम घेता आला असता. घूस प्लॅस्टिकही कुरतडते, जमिनीवर ठेवला तर तळातून. शेवटचा पर्याय होता आहे तेच टाकं नीट बंदिस्त करणं, आणि माझा कल तिकडेच होता.

पण त्याआधी एक गोष्ट करायची राहून गेली होती, ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती: मोजणी. किती बिळं चालू आहेत आणि जनावर जातं कुठे, हे कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मोजणी, रांगोळी आणि ज्वारी

उंदीर-घुशींची बिळं मोजायची जुनी, बिनखर्चाची रीत आहे. संध्याकाळी दिसतील ती सगळी तोंडं ओल्या मातीनं बुजवायची आणि सकाळी पाहायचं. जी उघडली ती चालू. आम्ही नऊ तोंडं बुजवली. सकाळी पाच उघडी होती. दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हता, म्हणून काकूंनी चाळणीतून रांगोळीचे पट्टे टाकले: एक टाक्याभोवती, एक वॉल कंपाउंडच्या कडेनं, एक स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी. सकाळी काकूंचा फोन आला तो नुसता “ये” एवढाच.

दारापाशी काही नव्हतं. टाक्याभोवती पाउलं होती, मधून शेपटीची ओढलेली रेघ. पण भिंतीकडचा पट्टा पार तुडवलेला होता. रांगोळीवर एका जागी गल्ली पडली होती आणि ती गल्ली भिंतीच्या पायातल्या फटीकडे, म्हणजे भाऊंच्या अंगणाकडे जात होती. घुशी राहत इकडे होत्या, रोजच्या जेवणाला तिकडे.

तिकडे काय होतं ते आम्हाला माहीत होतं. भाऊंची पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी अंगणात पसरट भांड्यात पक्ष्यांसाठी दाणे ठेवत: ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी. वहिनी ठेवायच्या, म्हणून. पक्षी काही संध्याकाळनंतर जेवत नाहीत. रात्रभर ते भांडं कोणाचं होतं, हे रांगोळीनं सांगितलं.

सांगायचं कसं? मला तांत्रिक उत्तर सापडल्याचा उत्साह होता आणि मी तडक भिंतीवरून हाक मारणार होतो. काकूंनी थांबवलं. “तू सांगशील तर ते तुझ्यावर चिडतील आणि मी सांगितलं तर माझ्यावर. टाकं उपसू तेव्हा त्यांनाच बोलावू.”

केलेली कामं

लगेच खोदता आलं नाही. नागपूरची काळी माती पावसात फावड्याला सोडत नाही. गणपती होईपर्यंत थांबायचं ठरलं. तोवर टाक्यात स्वयंपाकघरातलं काहीही टाकायचं नाही, ते गाडीत. टाक्यात फक्त पाला आणि पाणी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारा पुतळा, निघाली तेव्हा नात गच्चीवरून “घुशीले घेऊन जा गे मारबत!” ओरडत होती, आणि भिंतीपलीकडून भाऊंनीही एकदा आवाज दिला. संबंध जरा सैल झाले होते.

विसर्जनानंतरच्या रविवारी टाकं उपसलं. आधी ढिगावर भरपूर पाणी मारलं, धूळ उडू नये म्हणून. घुशीच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, ओल्या मातीतून आणि जखमेतून शिरतो. त्यामुळे गमबूट, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, आणि ज्याच्या हाताला चीर होती त्या मुलाला मी फावडं दिलंच नाही. दोन घुशी भिंतीवरून पसार झाल्या. आत पिल्लं नव्हती. असती तर काय करायचं हे मी ठरवून गेलो नव्हतो, ते आज कबूल करतो.

पाल्याच्या कोरड्या कोपऱ्यात घरटं होतं: दुधाच्या पिशव्यांच्या पट्ट्या, चिंध्या, नातीचा हरवलेला एक मोजा. खाली माझा कोबा आडवा तडकलेला, फट दोन बोटांची. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते; त्यावर दोन इंचांचा कोबा टिकणार नाही हे नागपुरात घर बांधणारा कोणीही सांगेल. मी खताचा विचार केला, जमिनीचा नाही. त्या फटीतून बीळ थेट आत आलेलं होतं. बीळ खणत गेलो तर वीतभर खाली एक कोनाडा आणि त्यात ज्वारी, ओंजळभर. काळे पडलेले, काही मोड आलेले दाणे. मध्ये बाजरी, कणी.

भाऊ भिंतीला टेकून पाहत होते. ते इकडे आले, वाकून दोन दाणे उचलले, तळहातावर फिरवले.

“ही माझी आहे,” ते म्हणाले.

कोणी काही बोललं नाही. मग काकूंनीच विषय काढला, की भांडं बंद करू नका, सकाळी ठेवा. तेच ठरलं. भांडं आता सकाळी सहाला बाहेर, खांबावर, खाली पडणारे दाणे झेलायला परात. आणि ऊन उतरायच्या आधी घरात.

बांधकामाचं थोडक्यात. इतवारीतल्या लोहा ओळीतून अर्ध्या इंचाच्या चौकोनी घरांची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड जाळी आणली, तीन फूट रुंद, तीस फूट लांब. कोबा फोडून काढला, तळाला जाळीच अंथरली आणि भिंतींवर आतून सहा इंच चढवली. पाणी निचरतं, गांडुळं येतात-जातात, घूस येत नाही. भिंतींना जाळी बाहेरून गुंडाळली, स्क्रू-वॉशरनं पक्की केली. तिची खालची कड जमिनीत काटकोनात बाहेरच्या अंगाला वळवून फूटभर आडवी पुरली, वर मुरूम, वर फरशा. यातला जीव या आडव्या पट्टीत आहे. घूस भिंतीला चिकटून खणायला लागते, जाळी लागते, आणि फूटभर मागे सरकून खणावं हे तिला सहसा सुचत नाही. झाकण अँगलच्या चौकटीचं, जाळी आणि अर्ध्या भागावर टिन, बिजागरी आणि कडी. बिळं गिट्टी आणि मुरूम ठोकून भरली. भिंतीच्या पायाचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा केला, त्यावर घासाघीस झाली नाही याचं मला अजून नवल वाटतं.

टाकायच्या सवयी बदलणं जास्त कठीण गेलं. हाडं, तेलकट, शिजवलेलं बंद. कच्च्या सालींच्या एका बादलीला दोन बादल्या पाला. मधोमध वीतभर खड्डा करून टाकायचं आणि झाकायचं. आठवड्यातून एकदा ढीग हलवायचा. मूठ आवळली तर ओल जाणवावी पण पाणी गळू नये, इतकी ओल कायम. कोरडा, न हलवलेला ढीग म्हणजे घरट्याची जागा. ओल्या, दर आठवड्याला उलथणाऱ्या ढिगात कोणी संसार मांडत नाही. ढीग तापला की जनावरं पळतात असं ऐकवलं जातं, पण एवढ्याशा ढिगात उष्णता टिकत नाही, त्यावर भिस्त ठेवू नये.

निष्पत्ती

पुन्हा मोजणी केली. भांड्याची वेळ बदलल्यावर आठवड्यानं पाचाची दोन बिळं चालू राहिली. तोवर जाळीचं काम अर्धवटच होतं, हे लक्षात घ्या. दिवाळीला शून्य. रांगोळीवर एकदा पाउलं दिसली, टाक्याला फेरी मारून परत गेलेली. त्या हिवाळ्यात संत्र्याच्या सालींसकट पहिलं खत निघालं, चार घमेली, आणि त्यातलं एक भिंतीपलीकडच्या कुंड्यांना गेलं. धामण पुन्हा दिसली नाही. सूनबाईंना ती दिसली नाही याचा आनंद आहे, मला थोडं वाईट वाटतं.

काय वेगळं करता आलं असतं

कोबा माझी चूक. ती सुधारायला टाकं पूर्ण रिकामं करावं लागलं. बांधतानाच जाळी अंथरली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं. मोजणी आषाढातच केली असती तर विषाचं प्रकरण झालंच नसतं. पण खरं सांगायचं तर आषाढात भाऊ भिंतीवरून रागानं बोलत होते, आणि तेव्हा “दाणे तुमचे आहेत” हे निघालं असतं तर भांडण पक्कं होतं. उशिराचा तेवढा एक फायदा झाला. तो ठरवून केला असं मी म्हणणार नाही.

आणि स्वयंपाकघरातला रोजचा कचरा असेल तर भोकांचं टाकं मी आता सुचवतच नाही. नाडेपमध्ये दोष नाही; ते शेतासाठी, एकदम भरून लिपण्यासाठी आहे. ते रोज उघडायचं ठरवलं तिथेच आम्ही वाट चुकलो.

एक गोष्ट राहिली आहे. फेब्रुवारीत घरच्या लग्नाच्या गडबडीत झाकण दोन रात्री उघडं राहिलं आणि आता आत लेंड्या दिसतात, बारीक, तांदळाच्या दाण्याएवढ्या. घूस नाही, घरातला छोटा उंदीर. झाकण लागलं तरी तो जात नाही, कारण अर्ध्या इंचातून त्याला येता-जाता येतं. त्याला अडवायला पाव इंचाची जाळी लागते. तुकडा आणून ठेवला आहे. मुलगा म्हणतो, उंदीरच आहे, राहू दे. काकू रोज संध्याकाळी चाळणी घेऊन रांगोळी टाकतात.